दरोगासाहेबांचं समाधान

आमच्या दरोगासाहेबांना दिवाळीच्या फराळाला कुणी बोलावत नसे. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. बोलावलं की ते यायचे, जोडे काढायचे आणि पाटावर बसण्याआधी विचारायचे, "सरपण कुठं रचलंय?" मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचे, आत बायका आहेत म्हणून तोंड भिंतीकडे करायचे, आणि चुलीपासून सरपण किती लांब आहे याची चौकशी करायचे. घरधनी म्हणायचा, "असेल दोन-तीन हात." साहेब म्हणायचे, "असेल नको. मोजा." आणि कोटाच्या खिशातून एक सुतळी काढून पुढे करायचे. तिला हाता-हातावर गाठी मारलेल्या होत्या. चकल्या ताटात, पाहुणा भिंतीशी आणि यजमान चुलीपुढे ओणवा, असा फराळ एकदा झाला की दुसऱ्या वर्षी त्या घरून बोलावणं बंद.

मी त्या वेळी ग्वाल्हेरला, लश्कर नावाच्या शहरभागाच्या म्युनिसिपालटीत कारकून होतो. नवा नवा लागलो होतो, लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि नोकरी मिळाली तीच आतषबाजीच्या खात्यात. खातं म्हणजे एक खोली, एक कपाट, मी आणि दरोगासाहेब. पोलिसातला दरोगा म्हटला की लोक उठून उभे राहतात. आमचे आतषबाजी-दरोगा रस्त्याने निघाले की पोरं मागे लागायची, "पाणीवाले दरोगा आले!" कारण त्यांच्या हातात काठीऐवजी तांब्याचा लोटा असे, आणि तो बाराही महिने भरलेला असे.

सरकारांच्या, म्हणजे महाराजांच्या, दरबारातून काही वर्षांपूर्वी कायदा निघाला होता. फटाके विकायचे तर परवाना काढावा, दुकान ठरल्या जागी लावावं, शोभेची दारू ठरल्या दिवशी आणि ठरल्या वेळातच उडवावी, लग्नाच्या वरातीत उडवायची तर आधी अर्ज करावा. कायदा चांगला होता. पण असा कायदा कपाटात ठेवण्यासाठी असतो हे साऱ्या लश्करला ठाऊक होतं. एकट्या आमच्या साहेबांना नव्हतं.

उंच, वाळके, पुढे झुकलेले. लाल पगडी आणि तिच्याखाली एक भलंमोठं नाक. सराफ्यातून चालता चालता ते थबकायचे, हवा हुंगायचे आणि एखाद्या कापडवाल्याच्या दुकानात शिरायचे. "गंधक आहे." कापडवाला हात जोडायचा, "हुजूर, यहाँ तो सिर्फ़ मलमल है." साहेब गादी उचलायला लावायचे. खाली खरोखरच बाणांची चळत निघायची.

बोलण्याचीही तऱ्हा होती. कायदा सांगायचा तर मराठीत. राग आला तर हिंदीत. आणि भीती वाटली तर काहीच नाही, नुसते गप्प. मराठीतलं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आग कुणाची सोयरी नाही." हेच हिंदीत आलं की समजावं, आता कुणाचा तरी परवाना जाणार: "आग रिश्तेदारी नहीं मानती, भैया!"

दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्या कचेरीच्या आवारात परीक्षा चाले. प्रत्येक दुकानदाराने प्रत्येक मालाचा एकेक नमुना आणायचा आणि साहेबांनी तो भर दुपारी, आपल्या हाताने, उडवून बघायचा. कायद्यात लिहिलं होतं, "आवाज बेताचा असावा." बेताचा म्हणजे किती, हे लिहिलं नव्हतं. साहेबांनी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि स्वतःचं माप बसवलं. आवारातल्या कडुलिंबाखाली मोती नावाचा कचेरीचा म्हातारा कुत्रा झोपलेला असे. ओसरीवर बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, मेजापुढे लिहीत बसलेले असत. फटाका उडाला की साहेब आधी झाडाकडे बघत, मग मोतीकडे, मग बडेबाबूंकडे, आणि मला सांगत, "लिहा मुन्शी." मी मुन्शी नव्हतो, पण ते मला मुन्शीच म्हणत.

रजिस्टरातल्या माझ्याच अक्षरातल्या नोंदी मला अजून पाठ आहेत. "लवंगी. चिमण्या उडाल्या. मोती निजलेला. मंजूर." "आपटबार. मोतीने एक डोळा उघडला. मंजूर." "मोठा गोळा, हिरव्या कागदाचा. मोती उठून बसला. बडेबाबूंची लेखणी थांबली. नामंजूर."

बडेबाबू एकदा चिडून म्हणाले, "अहो, मी काय तुमचं यंत्र आहे का?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "नाही बाबूजी. यंत्र एवढं अचूक नसतं."

दुकानदार म्हणजे शेवटी दुकानदार. मोती उठला नाही तर माल पास, हे त्यांच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. एका वर्षी सकाळीच दौलतगंजाच्या एका व्यापाऱ्याने मोतीला पेढे चारले. दुपारी त्याचा गोळा उडाला. ओसरीवरचा पाण्याचा माठ हलला. बडेबाबूंच्या हातून शाई सांडली. मोती ढिम्म. दुसरा गोळा. मोती घोरत होता. व्यापारी म्हणाला, "देख लीजिए हुजूर, कुत्ते ने करवट तक नहीं बदली."

साहेब मोतीजवळ गेले. उकिडवे बसले. त्याची पापणी वर करून बघितली, तोंडाशी नाक नेऊन हुंगलं. भांग! उठून उभे राहिले आणि म्हणाले, "लिहा. साक्षीदार नशेत आहे. सुनावणी तहकूब." व्यापाऱ्याचा परवाना त्या वर्षी गेलाच, वर मोती शुद्धीवर येईपर्यंत साहेब त्याच्याशेजारी बसून राहिले आणि लोट्यातलं पाणी त्याच्या जिभेवर थेंब थेंब सोडत राहिले.

लश्करात त्यांचा खरा सामना एकाशीच होता. एक म्हातारे उस्ताद होते. पिढीजात आतषबाज. उजव्या हाताची दोन बोटं धंद्यात गेलेली, पण उरलेल्या तिनांत असं कसब की त्यांनी केलेला अनार पेटला की सोन्याचं झाड उगवल्यासारखं वाटे. नवरात्र बसलं की साहेब रोज त्यांच्या कारखान्यात जात. कारखाना म्हणजे गावाबाहेरची एक झोपडी. दोघं सकाळभर भांडत. "उस्ताद, कोळसा आणि सोरा एका फळीवर?" "दरोगाजी, मेरे दादा ने भी एक ही फळी पर रखा था." "दादांची किती बोटं होती?" उस्ताद हसत आणि फळी बदलत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारं जुन्या फळीवर. आजारी पडून साहेब दोन दिवस गेले नाहीत तर उस्ताद स्वतः कचेरीत चौकशीला आले होते, "आज कोई लड़ने नहीं आया."

मी सांगतोय ती गोष्ट लक्ष्मीपूजनाची. जयेंद्रगंजाकडे एका सरदारांची हवेली होती. जुनं घराणं, दरबारात मानाची खुर्ची. त्या वर्षी नवे सरदारसाहेब गादीवर आले होते, तरुण होते, आणि त्यांनी उस्तादांना दारूचा किल्ला करायला सांगितला. बांबू आणि कागदाचा, दोन पुरुष उंच, आठ बुरुजांचा. प्रत्येक बुरुजातून बाण सुटणार आणि शेवटी दरवाजा उघडून आत चंद्रज्योतींमध्ये लक्ष्मी दिसणार. सारं शहर त्याचीच बात करत होतं.

पण किल्ला उभा राहणार होता हवेलीच्या पुढच्या चौकात, आणि चौकाच्या दुसऱ्या अंगाला पिंजाऱ्यांची आळी होती. दिवाळी म्हणजे त्यांचे कामाचे दिवस. थंडी तोंडावर आलेली, साऱ्या लश्करच्या रजया भरायच्या. घरोघरी छपराखाली कापसाचे ढीग, ढिगांना टेकून कापूस पिंजायच्या धनुकल्या, आणि आतल्या खोलीत बायकापोरं.

साहेबांनी सुतळी टाकून चौक मोजला. तेवीस हात. अर्जावर लिहिलं, "नामंजूर. फूलबागेकडच्या मैदानात खुशाल करावं."

दुसऱ्याच दिवशी मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. हे आमच्या म्युनिसिपालटीचे मुख्य. मी कागद घेऊन मागे उभा होतो.

"दरोगा, तुमच्या पेन्शनला किती दिवस राहिले?"

"तीन वर्षं."

"मग तीन वर्षं शांतपणे काढा की. सरदारांची मर्जी आहे. परवाना द्या."

साहेब गप्प. मग म्हणाले, "आपला लेखी हुकूम होऊ द्या."

मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जाऊ द्या साहेब. आता जबाबदारी त्यांची." ते खोलीत आले, कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं आणि खिडकीशी बसून पहिल्यापासून वाचायला लागले. दिवेलागणीच्या सुमाराला त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "वाचा."

मी वाचलं. परवाना मिळाला तरी दारूला बत्ती लावण्याआधी पाण्याची व्यवस्था दरोगाच्या समाधानाप्रमाणे झालेली असावी.

"समाधान म्हणजे किती, हे लिहिलंय का कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौकात गालिचे पडले होते. मान्यवर खुर्च्यांवर बसले होते, कानांत अत्तराचे फाये. मोठे साहेबही त्यांत होते. मधोमध उस्तादांचा किल्ला. आणि आमचे साहेब आले ते बारा भिश्ती घेऊन. रस्त्यावर पाणी शिंपडणारे म्युनिसिपालटीचेच भिश्ती, प्रत्येकाच्या पाठीवर फुगलेली मशक.

हवेलीच्या कारभाऱ्यांनी विचारलं, "हे काय?"

"व्यवस्था," साहेब म्हणाले.

आधी पिंजाऱ्यांची छपरं भिजवली. बारा मशका संपल्या. भिश्ती विहिरीवर जाऊन भरून आले. मग भिंती, मग छपरांच्या वळचणी, मग हवेलीच्या तबेल्यातली गवताची गंजी. कारभारी दर थोड्या वेळाने येऊन विचारत, "झालं का?" साहेब छपराला हात लावून बघत आणि म्हणत, "अजून समाधान नाही." तिसऱ्या फेरीला पाणी चौकातून वाहत गालिच्यांपर्यंत पोचलं. मान्यवरांनी पाय वर घेतले. वाऱ्याने तुषार उडून किल्ल्यावर जायला लागले तसे उस्ताद धावत आले.

"दरोगाजी, ख़ुदा के वास्ते! क़िले पर फ़ौज चढ़ते सुनी थी, भिश्ती चढ़ते आज देखे!"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी उस्तादांना शांतपणे सांगितलं, "किल्ल्यावर घोंगडी टाका. मी थांबतो." आणि खरंच थांबले, उस्तादांच्या माणसांनी घोंगडी पांघरेपर्यंत.

मोठे साहेब उठून आले. आवाज दाबून म्हणाले, "उद्या नोकरी राहणार नाही, लक्षात येतंय का?" साहेबांनी उत्तर दिलं नाही. मी शेजारीच होतो. ना कायदा मराठीत, ना राग हिंदीत. तेव्हा मला कळलं की हा माणूस घाबरलेला आहे आणि तरी हलत नाही.

शेवटी सरदारसाहेब स्वतः आले. चिडलेले होते, पण रीत सोडली नाही. "दरोगासाहेब, आमच्या आऊसाहेब सज्जात दोन घटका बसून आहेत. तुमचं समाधान व्हायला अजून किती पाणी हवं?"

"एक फेरी, सरकार," साहेब म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्या छपराच्या आतल्या बाजूला हात लावला तर अजून कोरडं लागतंय. खाली दोन लेकरं निजलीत."

सरदारसाहेबांनी त्या छपराकडे बघितलं. आपल्या चौकासमोर छप्पर आहे हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. म्हणाले, "होऊ द्या एक फेरी."

ती झाली. साहेबांनी मान हलवली. उस्तादांनी घोंगडी काढून बत्ती लावली.

मी पुष्कळ आतषबाजी बघितली, पण तसा किल्ला पुन्हा नाही बघितला. पहिल्या बुरुजातून बाण सुटले आणि सारा चौक निळा झाला. दुसऱ्यातून लाल. मी साहेबांकडे बघितलं तर ते किल्ल्याकडे पाठ करून, छपरांकडे तोंड करून उभे. सारं शहर एका दिशेला बघतंय आणि हा एकटा माणूस उलट्या दिशेला.

म्हणून पाचव्या बुरुजातला बाण तिरका सुटला तो सर्वांच्या आधी त्यांना दिसला. वर जाण्याऐवजी आडवा, फरफरत, डोक्यांवरून गेला आणि नेमका कोपऱ्यातल्या छपरात घुसला. बायका किंचाळल्या. सज्जातला पडदा हलला. छपरातून "फुस्स" असा आवाज आला, पांढऱ्या वाफेचा एक गोळा वर आला, आणि विरून गेला. बस, एवढंच. आतून एक म्हातारी पिंजारीण बाहेर आली, वर बघितलं, आणि म्हणाली, "अरे, अब क्या छत टपकाओगे?"

साहेबांनी लोटा खाली ठेवला. कपाळ पुसलं. "मुन्शी, लिहा," ते म्हणाले. "दरोगाचं समाधान झालं."

आता या बाणाबद्दल लश्करात दोन तऱ्हांनी सांगितलं जाई. उस्ताद शपथेवर सांगत की त्यांचा बाण जन्मात तिरका गेला नव्हता. दरोगाच्या पाण्याने काडी ओलावली म्हणून तो वाकडा सुटला. पिंजारी सांगत की दरोगाचं पाणी नसतं तर आळी उरली नसती. मी दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि मला दोन्ही खरं वाटतं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "उस्तादांचं बरोबर आहे. पुढच्या वेळी दोन घोंगड्या."

पुढची वेळ आलीच नाही. सरदारसाहेबांनी तक्रार केली नाही, पण शाबासकीचा शब्दही बोलले नाहीत. मोठे साहेब मात्र गालिच्यांतलं पाणी विसरले नाहीत. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला: शहराबाहेर, मुरारच्याही पलीकडे, एका जकात नाक्यावर. खातं माझ्याकडे आलं. उस्ताद निरोपाला कचेरीत आले होते. नवा दरोगा कोण, असं विचारलं. बडेबाबूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. उस्तादांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "इनसे लड़ने में क्या मज़ा आएगा?"

पिंजाऱ्यांच्या बायका एक जाड रजई घेऊन साहेबांच्या घरी गेल्या. साहेबांनी दारातूनच परत पाठवली. सरकारी नोकराने नजराणा घ्यायचा नाही. त्या मागच्या दाराने गेल्या आणि साहेबांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, ती ठेवून घेतली. माहेरून आली म्हणून सांगितलं. काकूंचं माहेर साताऱ्याकडे होतं आणि तिथून पंधरा वर्षांत पत्रही आलेलं नव्हतं, पण साहेबांनी या बाबतीत कायदा उघडून बघितला नाही.

पुढच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, मी फराळाचा डबा घेऊन सायकलीने नाक्यावर गेलो. दोन खोल्या, समोर रस्ता, मागे ज्वारीची कापलेली शेतं. कोसभर कुठे फटाका वाजत नव्हता. साहेब पायरीवर बसले होते. मला बघून एवढे खूश झाले की सरपणाचं विचारायचंही विसरले. आम्ही बाहेरच बसलो. काकूंनी चहा आणला.

बरेच दिवस मनात होतं ते मी तेव्हा विचारलं. लश्करात लोक कुजबुजत की दरोगाच्या घरात कुणीतरी जळून गेलं असणार. कुणी म्हणे पहिली बायको, कुणी म्हणे धाकटा भाऊ. त्याशिवाय माणूस असा होत नाही. मी चाचरत म्हटलं, "साहेब, तुमच्या घरात कधी... आगीत कुणी...?"

ते चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. थांबले. "नाही बुवा," ते म्हणाले. "कुणी नाही." काकूंकडे बघितलं. "आपल्याकडं कुणी?"

"कुणी नाही," काकू म्हणाल्या. "एकदा माझं दूध करपलं होतं तेवढंच."

"मग हे सगळं...?"

साहेबांना माझा प्रश्नच कळला नाही. ते खरोखर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "त्यासाठी आधी कुणी जळायला पाहिजे होतं का?" त्यांनी विचारलं.

मी चहा प्यालो. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर कडब्याने शिगोशीग भरलेली एक बैलगाडी दिसली. वर ढिगावर गाडीवान पाय पसरून बसला होता, आणि त्याच्या तोंडात बीडी होती. साहेबांचं नाक वर झालं. बशी माझ्या हातात देऊन ते उठले आणि अनवाणीच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"अहो, सण आहे आज!" काकू दारातून म्हणाल्या.

"रोको!" साहेब ओरडले. "बीडी बुझाओ पहले!"

गाडीवानाने बैल थांबवले. खाली बघून, समजूत घातल्यासारखा हसला. "बाबूजी, बीस बरस से ऐसे ही आ रहा हूँ. आज तक तो कुछ नहीं हुआ."

"हां भैया," साहेब हात वर करून, बीडी मागत म्हणाले, "इसीलिए तो बुझवा रहा हूँ."